ढेकर, मोडशी आणि दख्खनचे हकीम

शाळेच्या इतिहासात खर्डा हे गाव साधारणपणे एकदाच भेटते. 11 मार्च 1795 रोजी निजाम अलीखान आणि पेशव्यांच्या फौजा येथे समोरासमोर आल्या, निजामाचा पराभव झाला, मराठ्यांचे बहुतेक सगळे मोठे सरदार एका झेंड्याखाली लढले ते इथेच शेवटचे. एवढे मुलांकडून पाठ करून घेतले की शिक्षकाचे काम संपते. आम्ही स्वतः शिक्षक असल्याने हे काम आमच्याही वाट्याला आले आहे. परंतु त्या दिवसांत या माळावर जमलेल्या हजारो माणसांनी काय खाल्ले, काय प्याले आणि जे खाल्ले ते त्यांना पचले का, हा प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात विचारलेला आम्हाला आढळला नाही.

वास्तविक त्या लढाईचा निकाल लागण्यात पोटाचा वाटा मोठा होता. पिछेहाट झाल्यावर निजाम अलीखान खर्ड्याच्या किल्ल्याच्या आसऱ्याला गेला. हा किल्ला त्याचेच मनसबदार असलेल्या निंबाळकर घराण्याचा. मराठ्यांनी त्याला वेढले. मार्च महिना, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातला उन्हाळा, आणि आत अडकलेले प्रचंड लष्कर. अशा जागी तोफांपेक्षा पाण्याची आणि दाण्याची टंचाई आधी मारते. निजामाला तह करावा लागला. मोठी रक्कम, दौलताबादसह बराच मुलूख आणि आपला दिवाण त्याने मराठ्यांच्या हवाली केला. या दिवाणाचा किताब होता अरस्तू-जाह, म्हणजे अरस्तूच्या दर्जाचा माणूस. ग्रीस देशातील एका तत्त्वज्ञाचे नाव अडीच हजार कोस ओलांडून खर्ड्याच्या माळावर कैदेत पडले, ही गंमत आमच्या मनातून जात नाही.

ही केवळ गंमतही नाही. अरस्तू आणि जालीनूस ही नावे दख्खनमध्ये दरबारी किताबांपुरती कधीच नव्हती. आपल्या आजी-नानीच्या फडताळात जी बरणी असायची आणि जेवणानंतर पोट फुगले, ढेकर थांबेनात, की जिच्यातून चिमूटभर काढून दिले जायचे, त्या बरणीवर 'जवारिश जालीनूस' असे लिहिलेले असे. आज खर्डा, जामखेड, नगरकडच्या कुठल्याही गावात दवाखान्याच्या बाकावर बसून पाहा. ताप-खोकल्याच्या खालोखाल जी तक्रार कानी येईल ती हीच : "साहेब, ग्यास होतोय, सारखे ढेकर येतात, घास वर येतो." म्हणून या लेखात आम्ही पोटाच्या या जुन्या दुखण्याचा आणि त्याला समजून घेणाऱ्यांचा इतिहास मांडायचे ठरवले आहे. विषय हलका वाटेल. पण याच हलकेपणामुळे अनेक घरांत खरा आजार वर्षानुवर्षे 'ग्यास'च्या नावाखाली लपून बसतो, आणि तो उघडा पडतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नगरच्या दरबारातले तबीब

मलिक अहमदने 1490 मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला आणि त्याच्याच नावाने अहमदनगर वसले. आता त्या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हान निजामशाह याच्या काळात (मृत्यू 1553) हा दरबार इराण, इराक, तुर्कस्तानकडून येणाऱ्या विद्वानांचे ठिकाण बनला. रुस्तम जुर्जानी नावाचा इराणी तबीब येथे आला आणि त्याने औषधांवर फारसीत एक मोठा ग्रंथ लिहिला. सुलतानाच्या नावावरून त्याला नाव दिले 'जखीरा-ए-निजामशाही'. जखीरा म्हणजे साठा. आपल्या जिल्ह्याच्या नावाने एक औषधांचा ग्रंथ इतिहासात उभा आहे, आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

दुसरे नाव मुहम्मद कासिम फरिश्ता. दख्खनचा इतिहास लिहिणारा म्हणून तो सर्वांना माहीत आहे. लहानपणी वडिलांबरोबर तो अहमदनगरला आला, वाढला, आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. याच फरिश्त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकाचा ग्रंथही लिहिला. त्यात त्याने हिंदुस्थानी वैद्यक, म्हणजे आयुर्वेदाचे ज्ञान, फारसी वाचकांसाठी आणले. ज्या मातीत तुम्ही राहता त्या मातीची औषधे आणि त्या मातीतल्या माणसांचे ज्ञान शिकून घेतलेच पाहिजे, ही त्यामागची सरळ भूमिका होती.

तिसरा माणूस फिरंगी होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. त्याचे पूर्वज यहुदी, बळजबरीने ख्रिस्ती केले गेलेले. बुऱ्हान निजामशाहवर त्याने उपचार केले, दरबारी हकिमांशी चर्चा केल्या. सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला तीच नावे लॅटिनमध्ये शिकवली, अशी हकीकत त्याने स्वतःच नोंदवली आहे. 1563 मध्ये त्याचा ग्रंथ गोव्यात छापून निघाला. हिंदुस्थानच्या जमिनीवर छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. एक शिया सुलतान आणि एक यहुदी रक्ताचा ख्रिस्ती वैद्य नगरात बसून एकमेकांना शब्द शिकवत आहेत, हे चित्र आम्हाला कोणत्याही लढाईच्या चित्रापेक्षा मोठे वाटते. आणि याच ओर्ताच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली हेही सांगितले पाहिजे. ज्ञान देणाऱ्याशी सत्ता कशी वागते याचा हा एक नमुना आहे.

आंबट ढेकर, करपट ढेकर

आता हे तबीब पोटाकडे कसे पाहत होते ते पाहू. युनानी तिब्बमध्ये मेदा म्हणजे जठर हे एक चुलीवरचे भांडे आहे. अन्न त्यात शिजते. या शिजण्याला 'हज्म' म्हणतात. पहिले हज्म मेद्यात, दुसरे जिगरमध्ये, तिसरे रगांमध्ये आणि चौथे प्रत्येक अवयवात, अशा चार पायऱ्या त्यांनी मानल्या. जिगरमध्ये अन्नाचे चार अखलात बनतात : दम, बलगम, सफरा आणि सौदा. चुलीची आच बरोबर असेल तर सर्व ठीक. आच मंद असेल तर अन्न अर्धे कच्चे राहून आंबते आणि त्यातून 'रीह', म्हणजे वारा, सुटतो. आच जास्त असेल तर अन्न करपते.

इब्न सीना (मृत्यू 1037) आणि त्याच्या परंपरेतील तबीब ढेकराला याच हिशोबाने वाचत. अरबीत ढेकराला 'जुशा' म्हणतात. आंबट जुशा आला तर मेद्यात थंडी, धुरकट जुशा आला तर मेद्यात गर्मी. आता आपली मराठी पाहा. आपण काय म्हणतो? आंबट ढेकर आणि करपट ढेकर! आणि आयुर्वेदात 'माधवनिदान' या ग्रंथात विदग्ध अजीर्णाचे जे वर्णन आहे, त्यातही उद्गार, म्हणजे ढेकर, धुरासह आणि आंबट येतो असेच सांगितले आहे. तीन भाषा, तीन परंपरा, आणि माणसाच्या घशाशी आलेली चव एकच.

हा योगायोग आहे की देवाणघेवाण? दोन्ही थोडे थोडे असावे. अनुभव तर सगळ्यांचा सारखाच. पण देवाणघेवाणही जुनी आहे. इसवी सन 850 च्या सुमारास अली इब्न रब्बान अत-तबरी याने 'फिरदौस-उल-हिकमत' हा अरबी ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या भागात चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय आणि निदान या हिंदुस्थानी ग्रंथांचा सार दिला आहे. म्हणजे युनानी हिकमत बगदादहून दख्खनला येण्याच्या कितीतरी आधी आयुर्वेद हिंदुस्थानातून बगदादकडे जाऊन आला होता. 'हे तुमचे, ते आमचे' अशी भांडणे करणाऱ्यांनी निदान पोटाच्या बाबतीत तरी हा इतिहास पाहावा.

एका गोष्टीत मात्र दोन परंपरांचा सूर थोडा वेगळा आहे. आयुर्वेदात ढेकर हा न दाबण्याच्या तेरा वेगांपैकी एक आहे. तो अडवला तर रोग होतात असे मानले जाते, आणि शुद्ध, वासरहित ढेकर हे अन्न पचल्याचे लक्षण समजले जाते. आपल्याकडे 'तृप्तीचा ढेकर' हा शब्दप्रयोग त्यातूनच रुळला असावा. इस्लामी शिष्टाचारात मात्र भर मजलिशीत ढेकर देणे नापसंत आहे. रसूलुल्लाहसमोर एकाने ढेकर दिला तेव्हा आपण त्याला आवरते घ्यायला सांगितले आणि दुनियेत पोट तुडुंब भरणाऱ्यांना आखिरतमध्ये दीर्घ भूक सोसावी लागेल असे बजावले, अशी रिवायत तिर्मिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. पोटाचे तीन हिस्से करून एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा ही शिकवणही त्याच संग्रहांत आहे. नीट पाहिले तर येथे टीका ढेकरावर कमी आणि ठासून भरण्यावर जास्त आहे.

याच संदर्भात एक खुलासा करणे अगत्याचे वाटते. पोट हे आजाराचे घर आणि परहेज हा इलाजाचा पाया, या आशयाचे एक वचन आपल्याकडे हदीस म्हणून सर्रास सांगितले जाते. जाणकार मुहद्दिसांनी ते हदीस मानलेले नाही. हारिस बिन कलदा या अरब तबीबाचे ते बोल असल्याचे सांगितले जाते. वचन चांगले आहे, पण ज्याचे त्याला द्यावे.

हिंगाची बरणी

जवारिश हा शब्द मूळ फारसी 'गवारिश'चा अरबी अवतार. त्याचा अर्थच 'पाचक'. जवारिश कमूनीतला कमून म्हणजे आपले जिरे. युनानी हकिमाची जिऱ्याची जवारिश, वैद्याचे हिंगाष्टक चूर्ण आणि आपल्या अम्मीने तव्यावर भाजून काळ्या मिठाबरोबर दिलेला ओवा, ही सगळी एकाच कुळातली माणसे आहेत. आमच्या भागात लग्नाच्या दालचा-खान्यानंतर बडीशेप वाटतात तीही त्याच कुळातली.

हिंगाबद्दल ओर्ताने एक मजेशीर किस्सा नोंदवला आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे उमदा घोडा होता, पण त्याच्या पोटात इतका वारा धरे की राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने पिठात कालवून त्याला हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने घेतला. औषध कोणते ते कळल्यावर राजाने हिंगाला देवांचे खाणे म्हटले. उग्र वासाने हैराण झालेला पोर्तुगीज मात्र ते सैतानाचे खाणे आहे असे आपल्या भाषेत पुटपुटला. हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येतो, फोडणीत पडतो तो आपल्या डाळीत. तूर, हरभरा, मटकी खाणाऱ्या आपल्या मुलखाला वाऱ्याचा त्रास व्हायचाच. डाळींमध्ये काही साखरेसारखे घटक असे असतात की ते आपल्या आतड्यात पचत नाहीत, तेथील जंतू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. हे कारण नंतर कळले. फोडणी आधी सुचली.

मोडशी : एका मराठी शब्दाचा प्रवास

आता या लेखातील सर्वांत गंभीर शब्दाकडे वळतो. मोडशी. जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो. बाधलेल्या अन्नाने होणारे अपचन, ओकारी, जुलाब म्हणजे मोडशी. ओर्ताने आपल्या ग्रंथात एका भयंकर रोगाचे वर्णन केले आहे, ज्यात माणूस ओकारी आणि जुलाबांनी काही तासांत मरतो. त्या रोगाचे येथील नाव त्याने 'मोरशी' असे दिले. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशी' झाले. फ्रेंचांनी तो ऐकून 'मोर्त-द-शियाँ' केला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण! मूळ मराठी शब्द 'मोडणे' या क्रियापदापासून आला, असे यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात म्हटले आहे. अरबीतील 'हैजा' हे नावही ओर्ताला ठाऊक होते.

पोटाच्या साध्या बिघाडाला आणि जीवघेण्या पटकीला लोक एकच शब्द वापरत होते, हा यातला लक्षात ठेवण्यासारखा मुद्दा. सुरुवात दोन्हींची सारखी : मळमळ, पोटात कालवाकालव. पुढे काय होईल ते पहिल्या तासात कळत नसे. ओर्तानेही जास्त खाणाऱ्यांना हा रोग लवकर गाठतो असे मानले. पण 1817 मध्ये बंगालमध्ये उसळलेली पटकी 1818 मध्ये दख्खनमध्ये पोचली तेव्हा ती भरल्या पोटाच्या लोकांनाच धरते असे म्हणायची सोय राहिली नाही. उपाशी, अर्धपोटी माणसेच जास्त मेली. 1854 मध्ये इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने हा जंतू पाहिला, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात त्याचा छडा लावला. दोष अन्नाच्या प्रमाणात नव्हता, दूषित पाण्यात होता.

ओर्ताच्या काळी देशी वैद्य या रोगात मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देत आणि पायाला डागही देत. डागण्यात काही अर्थ नव्हता. पेजेत मात्र होता. शरीरातून गेलेले पाणी भरून काढणे हाच पटकीवरचा खरा इलाज, हे पक्के व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

येथे आमच्या तालुक्याचे नाव अभिमानाने घ्यावे लागेल. खर्डा ज्या जामखेड तालुक्यात येते, तेथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. मुलाला हगवण लागली तर मीठ-साखर-पाणी कसे द्यायचे, विहिरीचे पाणी शुद्ध कसे ठेवायचे, हे या बायांनी घरोघर शिकवले. प्रकल्प सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, 1972 चा दुष्काळ आला होता. परदेशी तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आपल्यात आहेत. त्या मिलोच्या भाकरीने पोट कसे गच्च होई ते त्यांना विचारावे. इतिहास त्यांच्याही पोटात आहे.

प्रयोगशाळेतले पोट

पोटाचे कोडे सुटायला मोठी मदत झाली ती एका अपघाताने. 1822 मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. जखम भरली, पण जठराला बाहेरून एक भोक कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले आणि काढून पाहिले. 1833 मध्ये त्याने आपले प्रयोग छापले. 1820 च्या दशकातच विल्यम प्राउटने जठरातील आम्ल हे मिठाचे आम्ल असल्याचे दाखवले होते. चुलीच्या आचेची जागा आता रसांनी घेतली. चुलीची कल्पना चुकीची ठरली, तरी अन्न पोटात बदलते आणि त्यासाठी योग्य परिस्थिती लागते, हे हकिमांचे निरीक्षण खोटे नव्हते.

पुढे पोटातील व्रण चिंता आणि तिखटामुळे होतात असे जगभरचे डॉक्टर मानू लागले. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातून 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा वळणदार जंतू वेगळा केला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शलने 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि त्याच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आपल्या ठेच्यावर शंभर वर्षे जो आरोप होता त्यातून तो पुष्कळसा सुटला.

मग ढेकर का थांबत नाहीत?

एवढा इतिहास सांगितल्यावर आजच्या विद्येत या तक्रारीची कोणती कारणे मानली जातात ते थोडक्यात मांडणे आमचे कर्तव्य आहे.

प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा पोटात जाते. ती जठराच्या वरच्या भागात साचते, जठर ताणले जाते, अन्ननलिकेचे खालचे दार क्षणभर उघडते आणि हवा वर येते. हा साधा ढेकर. दिवसातून वीस-तीस वेळा आला तरी तो आजार नव्हे. भरभर जेवणे, जेवताना बोलणे, चहा फुरक्यांनी ओढणे, सुपारी-तंबाखू किंवा मिश्री तोंडात ठेवून सतत लाळ गिळणे, सैल कवळी, यांमुळे हवा जास्त जाते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते ते आमच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. रमजानमध्ये दिवसभराच्या रोज्यानंतर घाईघाईने भजी, शरबत आणि थंड सोडा यांनी पोट भरले की तरावीहच्या सफेत जे ढेकर ऐकू येतात त्यांचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

सोड्याचेही एक सांगण्यासारखे आहे. 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टलीने पाण्यात वायू मुरवण्याची रीत छापली. शंभर वर्षांनी हायरम कॉडने गोळीच्या बुचाची बाटली काढली, तीच आपली गोटी सोडा. लोक सोडा पितात, मोठा ढेकर देतात आणि "हलके वाटले" म्हणतात. पण त्या ढेकरात बाहेर पडलेला बराचसा वायू सोड्याबरोबर आत गेलेलाच असतो.

दुसरा प्रकार फारच विलक्षण आहे. काही माणसांना मिनिटाला कित्येक ढेकर येतात. या शतकाच्या सुरुवातीला अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून मोजमाप केले तेव्हा कळले की ही हवा जठरापर्यंत जातच नाही. माणूस नकळत ती घशातून ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो. झोपेत हे ढेकर थांबतात, बोलण्यात मन गुंतले तर कमी होतात. पोट फुगल्याची भावना घालवण्यासाठी लागलेली ती सवय असते, कधी चिंतेने वाढलेली. चूर्णाने ती जात नाही. पोटाने श्वास घेण्याचा सराव केल्यास पुष्कळांना फरक पडतो. अशा माणसाची टर उडवणे किंवा त्याच्यावर कोणी काही केले म्हणून ताईत बांधत फिरणे, दोन्ही जुलूम आहेत.

तिसरे कारण, आम्ल वर चढणे. छातीत जळजळ, आडवे झाल्यावर त्रास, तोंडात आंबट पाणी. रात्री उशिरा जेवून लगेच झोपणे, वाढलेले पोट, तंबाखू यांनी ते बळावते. चौथे, जठर मंदपणे रिकामे होणे. जुन्या मधुमेहात हे दिसते, आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही पोट बिघडते. पाचवे, वर सांगितलेला जंतू. तो दाटीच्या घरांत, अस्वच्छ पाण्यातून बालपणीच शिरू शकतो. त्याची तपासणी होते, आणि सापडला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. सहावे, दूध न पचणे. सातवे, अंगदुखीच्या गोळ्या मनाने खात राहणे. कमरेच्या दुखण्याने बेजार झालेल्या आपल्या अम्मी-खाला ज्या लाल-पांढऱ्या गोळ्या मेडिकलमधून सुट्या आणतात, त्यांनी जठराला जखमा होतात. आणि पुष्कळांच्या बाबतीत सर्व तपासण्या ठीक येतात, तरी त्रास खरा असतो. जठराची संवेदना तीव्र झालेली असते. त्यालाही उपचार आहेत.

परंतु काही खुणा अशा आहेत की तेथे ओवा, सोडा, जवारिश सर्व बाजूला ठेवून डॉक्टर गाठला पाहिजे. वजन आपोआप घटणे, घास अडकणे, रक्ताची ओकारी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणे, सतत ओकाऱ्या, आणि वयाच्या पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेली तक्रार. तसेच छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि त्याबरोबर ढेकर, हा हृदयाचा झटका असू शकतो. "ग्यास है, सोडा पिलाव" या तीन-चार शब्दांनी आपल्या भागात किती जनाजे निघाले असतील, त्याचा हिशोब अल्लाहच जाणे.

शेवटी

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी ढेकराचा उपयोग एका सामाजिक रोगासाठीही केला आहे. दुसऱ्याचे खाऊन ढेकरही न देणारा, किंवा पराया माल 'डकार' जाणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचा इलाज कुठल्याही हकिमाकडे नाही. पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आणि शाळेत खिचडीची वाट पाहणाऱ्या मुलाचा ढेकर निराळा असतो. रिकाम्या पोटी हवा गिळल्याने तोही येतो. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकवून बसलेल्या मुलाला "काय खाऊन आलास?" असे विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "चाय पिया, सर." भरल्या पोटाच्या अपचनावर ग्रंथ लिहिले गेले. या ढेकराचे निदान कोणत्या जखीऱ्यात शोधायचे?

बुऱ्हान निजामशाहच्या दरबारात लोक एकमेकांकडून रोगांची नावे शिकत होते. नाव कळले की निम्मी भीती जाते आणि इलाजाची वाट दिसते. आपण मात्र सर्व दुखण्यांना एकच नाव देऊन मोकळे झालो आहोत : ग्यास. पूर्वजांनी आंबट आणि करपट यांत फरक केला होता, मोडशी वेगळी ओळखायचा प्रयत्न केला होता. तेवढी बारकाई आपण, दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना, का सोडावी? ज्यांच्या घरात कोणी महिनोन् महिने ढेकर आणि जळजळीने हैराण आहे, त्यांनी हा लेख मिटल्यावर त्या माणसाशी पाच मिनिटे बोलावे. केव्हापासून, काय खाल्ल्यावर, वजन घटले का, घास अडकतो का, एवढे विचारावे आणि गरज वाटल्यास त्याला तपासणीला घेऊन जावे. नानीची बरणी फडताळात राहू द्यावी. तिच्यात अनेक शतकांची मेहनत आहे. फक्त तिच्या आड कोणाचा आजार लपू नये, एवढीच आमची विनंती आहे.